नऊ झाले, दहावा कुठाय? (बार मित्झवा करणाऱ्या पोरांसाठी)

तेरा वर्षांचा झालेला ज्यू मुलगा मोठ्यांत धरला जातो आणि सिनेगॉगमध्ये, म्हणजे आमच्या प्रार्थनाघरात, तोरा (आमचा धर्मग्रंथ) वाचतो, तो सोहळा म्हणजे बार मित्झवा. घरातला मुलगा तेराव्यात शिरला असेल तर आधी त्याची हिब्रू जन्मतारीख काढा. शाळेच्या दाखल्यावरची इथे चालत नाही. माझी काढली तर ती नऊ दिवस अलीकडे निघाली. म्हणजे तयारीचे नऊ दिवस बसल्याजागी गेले.

दुसरं, शनिवारचा मोह टाळा. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या पवित्र दिवशी, वाचन लांबलचक, वर हाफ्तारा (संदेष्ट्यांच्या ग्रंथांतला उतारा). तेफिलिन (प्रार्थनेच्या वेळी हाताला आणि कपाळाला पट्ट्यांनी बांधायच्या कातडी डब्या) बांधायची नसतात आणि फोटोही काढता येत नाहीत. सोमवारी किंवा गुरुवारी सकाळी येत्या शनिवारच्या पराशाचा (तोराच्या त्या आठवड्याच्या भागाचा) नुसता सुरुवातीचा तुकडा वाचतात, तेफिलिन बांधतात आणि मामा कॅमेरा घेऊन मोकळा असतो. मी गुरुवार धरला. शाळा बुडली हा वरचा फायदा.

पराशा कोणता येतो ते नशीब. वाढदिवस तझरियाच्या आठवड्यात आला तर बिचारा पोरगा नवा शर्ट घालून चट्टे आणि त्वचारोगावर वाचतो. मला आला बालाक, म्हणजे बालाक राजाचा भाग. त्यात बोलणारं गाढव आहे, म्हणून मी खूष होतो. पण गुरुवारचं वाचन गाढव बोलायच्या बरंच आधी संपतं. हे कळल्यावर तोंड पाडून बसलो, तर आत्या म्हणाली, "असू दे रे, वाचायला उभं आहेच की."

आता खरी अडचण. सेफेरमध्ये, म्हणजे मशिदीतल्या तोराच्या गुंडाळीत, काना-मात्रा नसतात. पूर्णविराम नाही, सुराच्या खुणा नाहीत, नुसती व्यंजनं. (आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, सिनेगॉगला मशीदच म्हणतो. मुंबईतली सगळ्यात जुनी 1796 सालची, सॅम्युएल दिवेकरांनी बांधलेली. मस्जिद स्टेशनला नाव तिच्यावरून पडलं, असं आमच्याकडे सांगतात.) मी शहाणपणा करून सगळं देवनागरीत वहीत उतरवलं: वय्यार बालाक बेन त्सिप्पोर. वर पेन्सिलीने सुराचे चढउतार. महिनाभरात वही तोंडपाठ. मग एकदा मला वाचन शिकवणाऱ्या सरांनी सेफेर उघडून चांदीची याद, म्हणजे ओळीवर फिरवायची दांडी, हातात दिली. तिच्या टोकाला बोट दाखवणारा इवलासा हात असतो, कारण सेफेरला आपलं बोट लावायचं नसतं. माझं तोंड वहीसारखं डावीकडून उजवीकडे चाललेलं आणि याद उजवीकडून डावीकडे. सर म्हणाले, "तू आणि बालाक वेगवेगळ्या गाड्यांत बसलायत." तेव्हा वही करायची तर करा, पण पहिल्या दिवसापासून दोन रकान्यांचं तिक्कुन शेजारी ठेवा: एका बाजूला स्वरांसकट मजकूर, दुसऱ्या बाजूला सेफेरसारखा.

तेफिलिनचं तर नाटकच झालं. सर समोर उभे राहून आपल्या डाव्या हातावर पट्टा गुंडाळून दाखवायचे, मी आरशासारखा माझ्या उजव्या हातावर. कोपराखाली सात वेढे, अगदी मोजून. तिसऱ्या दिवशी सरांच्या लक्षात आलं आणि ते ओरडले, "डावा हात!" मी डाव्यावर बांधायला शिकलो. आठवड्याने त्यांनी मला लिहिताना पाहिलं. मी डावखुरा. डावखुऱ्याने उजव्याच हातावर बांधायचं असतं. मुलगा डावखुरा असेल तर पहिल्याच दिवशी सांगून टाका.

आणि माणसं. आमचं गाव अलिबाग. इस्रायल आळीत मागेन आबोथ मशीद आहे, पण आळीतली बहुतेक घरं इस्रायलला गेली. सेफेर काढायला दहा पुरुष लागतात. ते मुंबई-ठाण्याहून येणार, आणि दिवस जुलैचे. पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याची लाँच बंद असते, म्हणून सगळे रस्त्याने पेणवरून. पाहुणे आदल्या रात्रीच मुक्कामाला बोलवा. आम्ही नाही बोलावले, आणि आमची अर्धी वरात सकाळी वडखळ नाक्यावर अडकली.

मशिदीत बायका पंचवीस, पुरुष नऊ. माणसं आकड्यांनी मोजत नाहीत. दहा शब्दांचा एक पासूक (ग्रंथातलं वचन) आहे, माणशी एक शब्द म्हणायचा: होशिया, एत, अम्मेखा... काकांनी तीनदा मोजलं. तिन्ही वेळा "अद"वर अडकले. शेवटचा "हाओलाम" काही येईना. पप्पा दारात उभे राहून रस्त्याकडे बघत होते. तेवढ्यात बायकांच्या बाजूने आजी कडाडली, "अरे, तेरा वर्षांचा घोडा तिथं उभा आहे, तो काय मोजायचा नाही?"

सेफेर निघालं.

पहिलाच शब्द मी चुकलो. तीच अक्षरं "वय्यार" वाचली तर "पाहिलं", "वय्येरा" वाचली तर "दिसला". माझ्या बालाकने काही पाहिलं नाही, तो स्वतःच दिसला. अर्थ बदलणारी चूक मोठ्याने सुधारतात, तेव्हा नऊच्या नऊ जण एकदम ओरडले. घाबरू नका, ते सगळ्यांना ओरडतात. त्या वयात आवाज फुटलेला असतो, त्यामुळे पुढच्या चुका कोणाला नीट ऐकूच येत नाहीत.

वाचन संपलं की बाप एक आशीर्वचन म्हणतो: याच्या वागण्याच्या शिक्षेतून मला सोडवणारा धन्य असो. पप्पा एरवी प्रार्थना पुटपुटतात. ही मात्र बाहेर आळीत ऐकू गेली. लगेच बायकांकडून गोळ्यांचा मारा. गोळ्या मऊ आणा. आमच्या लिमलेटच्या होत्या, आणि आत्याचा नेम चांगला आहे.

वडखळवाले पोचले तेव्हा मलिद्याचं ताट अर्धं झालं होतं. त्यांना गूळपोहे मिळाले, पिस्ते नाहीत.

पुढच्या गुरुवारी सकाळी साडेसहाला खिडकीखाली काकांची शिट्टी. मी पांघरूण डोक्यावर ओढलं.

"हाओलाम, ऊठ! नऊ झालेत."