ब्रिटनमध्ये गाणं लिहून स्वतःच प्रोड्यूस करताय? आधी कागद करा

एका ट्रॅकमध्ये दोन मालमत्ता असतात. शब्द आणि चाल ही एक, आणि त्यांचं ध्वनिमुद्रण, म्हणजे मास्टर, ही दुसरी. दोन्हींचे पैसे वेगळ्या वाटांनी येतात, त्यामुळे एका करारावर सही झाली म्हणजे दुसरीकडचंही मिटलं असं धरून चालू नका.

गाण्याचे हिस्से स्टुडिओतून बाहेर पडण्याआधीच ठरवा. स्प्लिट शीटवर, म्हणजे कोणाचा किती हिस्सा ते लिहिलेल्या कागदावर, गाण्याचं नाव, तारीख, प्रत्येकाचं कायदेशीर नाव, आयपीआय क्रमांक (गीतकार-संगीतकारांचा ओळख क्रमांक), प्रकाशक (गाण्याचे हक्क सांभाळणारी कंपनी), टक्केवारी आणि सह्या हव्यात. बेरीज बरोबर १०० यायला हवी. 'नंतर बघू' म्हटलं की काय होतं, हे 'अ व्हायटर शेड ऑफ पेल'च्या खटल्यात दिसलं. १९६७च्या या गाण्यातला ऑर्गन वाजवणाऱ्या मॅथ्यू फिशरने २००५मध्ये दावा केला. २००९मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) चालीतला त्याचा ४० टक्के हिस्सा कायम केला, पण पैसे दाव्यापासून पुढचेच. आधीच्या जवळपास चार दशकांची कमाई गेली ती गेलीच.

गाणं पीआरएसकडे, म्हणजे गाणं वाजल्याची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेकडे, नोंदवा, आणि टक्के शीटवरचेच भरा. दोघांनी वेगवेगळे आकडे भरले आणि बेरीज शंभरावर गेली, तर वाद मिटेपर्यंत पैसे अडकू शकतात. प्रती आणि डाउनलोडच्या रॉयल्टीसाठी एमसीपीएस या संस्थेचं सदस्यत्व वेगळं घ्यावं लागतं. प्रकाशक असेल तर सहसा तोच ते सांभाळतो. पीआरएसचं मुख्य वाटप एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि डिसेंबरमध्ये होतं.

मास्टरच्या बाजूला मात्र बरेच जण फसतात. १९८८च्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा 'प्रोड्यूसर' म्हणजे ते घडवून आणण्याची व्यवस्था करणारा. बहुतेक वेळा ती रेकॉर्ड कंपनीच असते. मिक्सिंग डेस्कवर रात्रंदिवस बसलात म्हणून हक्क मिळत नाही. म्हणून तुमची कमाई प्रोड्यूसर करारावर अवलंबून असते. फीच्या जोडीला 'पॉइंट्स', म्हणजे मास्टरच्या रॉयल्टीतले टक्के, मागा. तीन-चार टक्के ही नेहमीची मागणी. ॲडव्हान्स या पॉइंट्समधूनच वळता होतो, तेव्हा त्याला जादा कमाई समजू नका.

करारातली दोन वाक्यं नीट वाचा. पहिलं: रेकॉर्डिंगचा खर्च वसूल झाल्यावर तुमची रॉयल्टी पहिल्या प्रतीपासून मोजणार की त्या दिवसापासून पुढे? 'पहिल्या प्रतीपासून' असं लिहिलेलं नसेल तर ऐन खपाच्या काळातलं काहीच हाती लागत नाही. दुसरं: पैसे कोण देणार? कलाकार देणार असेल तर त्याच्याकडून 'यांचे पैसे थेट यांनाच द्या' असं कंपनीच्या नावे पत्र घ्या. नाहीतर आधी त्याचा हिशेब पूर्ण होणार, मग तुमचा, आणि तोही त्याच्या मॅनेजरला सवड मिळेल तेव्हा.

रेडिओ-टीव्हीवर आणि सार्वजनिक ठिकाणी मास्टर वाजल्याचे पैसे पीपीएल ही संस्था देते. सदस्यत्व मोफत आहे. तुम्ही कीबोर्ड वाजवला असेल किंवा कोरसमध्ये गायलात, तर कलाकारांच्या यादीत तुमचं नाव आहे ना ते तपासा. नुसतं प्रोड्यूसर म्हणून नाव असणं तिथे आपोआप पुरत नाही.

आयएसआरसी हा ध्वनिमुद्रणाची ओळख पटवणारा बारा अक्षर-अंकांचा कोड मास्टरगणिक वेगळा असतो. रीमिक्स किंवा रेडिओ एडिटला नवा कोड घ्या. जुनाच चिकटवला तर दोन आवृत्त्यांचे आकडे एकमेकांत मिसळतात, आणि रीमिक्सवर वाजवणाऱ्याचे पैसे भलत्याच्याच खात्यात जातात.