परदेशातून मागवलेल्या पार्सलवर जास्त कस्टम्स ड्युटी? दाद मागताना या चुका टाळा

नऊ हजारांचा कीबोर्ड मागवला आणि दारात आलेला कुरिअरवाला ५,६१८ रुपये मागतोय. अशा वेळी बहुतेक जण एकतर मुकाट पैसे भरतात, नाहीतर पार्सल परत पाठवून सोशल मीडियावर कस्टम्सच्या नावाने बोटं मोडतात. दोन्हीत पैसे जातात. जास्त आकारणी झाली असेल तर ती कमी करून घेता येते, पण त्यासाठी नक्की काय चुकलंय, ते कोणाकडून चुकलंय आणि दुरुस्तीची मुदत किती, हे कळायला हवं.

कुरिअरचं बिल म्हणजेच कस्टम्सची आकारणी असं समजणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. कुरिअर कंपनीच्या बिलात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आलेल्या असतात. सरकारी तिजोरीत गेलेली ड्युटी हा एक भाग. तुमच्या वतीने ती आधी भरल्याबद्दल आणि कागदपत्रं दाखल केल्याबद्दल कंपनीने लावलेलं शुल्क, अधिक त्यावरचा १८ टक्के जीएसटी, हा दुसरा. वरच्या उदाहरणात समजा ४,७९२ रुपये ड्युटी आहे, ७०० रुपये कंपनीचं शुल्क आणि त्यावर १२६ रुपये जीएसटी. या ८२६ रुपयांबद्दल कस्टम्सकडे कितीही पत्रं लिहिलीत तरी उपयोग नाही, कारण तो तुमचा आणि कुरिअरचा व्यवहार आहे. तसंच ४,७९२ बद्दल कुरिअरच्या कॉल सेंटरवर भांडूनही काही होत नाही. तिथल्या माणसाला तो आकडा बदलण्याचा अधिकारच नसतो.

म्हणून सगळ्यात आधी बिल ऑफ एंट्रीची, म्हणजे कस्टम्सकडे दाखल केलेल्या आयात-विवरणाची, प्रत मागा. कुरिअरने आलेल्या कमी किमतीच्या शुल्कपात्र मालासाठी ती साधारणपणे सीबीई-१३ या नमुन्यात असते (आकडा रोमन लिपीत छापलेला असतो). एअर वे बिलाचा (पार्सलच्या वाहतूक पावतीचा) क्रमांक देऊन ईमेलवर मागितली की मिळते. आयातदार कायद्याने तुम्ही आहात. कुरिअर फक्त तुमच्या वतीने काम करतो, त्यामुळे ही प्रत मागणं हा तुमचा हक्क आहे. त्यात पाच गोष्टी बघायच्या: वस्तूचं वर्णन, एचएस कोड (वस्तूच्या वर्गीकरणाचा क्रमांक, ड्युटीचा दर त्यावरून ठरतो), जाहीर केलेली किंमत, विनिमय दर आणि असेसेबल व्हॅल्यू (ज्या मूल्यावर ड्युटी लागते ते).

हिशोब स्वतः न करता "जास्त लागली" म्हणणं

ड्युटी नुसत्या वस्तूच्या किमतीवर लागत नाही. किंमत, वाहतूक आणि विमा धरून येणाऱ्या मूल्यावर ती लागते. २००७ च्या मूल्यनिर्धारण नियमांतला दहावा नियम इथे कामाचा आहे. विम्याची रक्कम कळत नसेल तर एफओबी किमतीच्या (वाहतूक आणि विमा सोडून वस्तूच्या किमतीच्या) १.१२५ टक्के धरतात. वाहतूक खर्च कळत नसेल तर २० टक्के धरतात. आणि माल विमानाने आला असेल तर वाहतूक खर्च प्रत्यक्षात कितीही असो, एफओबीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त धरता येत नाही. ही शेवटची मर्यादा फार थोड्या ग्राहकांना ठाऊक असते.

समजा कीबोर्ड १०० डॉलरचा, शिपिंग ४० डॉलर आणि कस्टम्सचा विनिमय दर ९० रुपये. वस्तूचे झाले ९,००० रुपये. शिपिंगचे खरे ३,६००, पण मर्यादेमुळे १,८०० च धरायचे. विमा १०१.२५. असेसेबल व्हॅल्यू आली १०,९०१.२५ रुपये. पूर्ण शिपिंग धरलं असतं तर ती १२,७०१.२५ झाली असती. आता शून्य टक्के मूळ सीमाशुल्क आणि १८ टक्के आयजीएसटी (आयातीवर लागणारा जीएसटी) लावला तर पहिल्या मूल्यावर १,९६२ रुपये होतात, दुसऱ्यावर २,२८६.

याच १०,९०१.२५ वर समजा २० टक्के मूळ सीमाशुल्क, त्या सीमाशुल्काच्या १० टक्के समाजकल्याण अधिभार आणि या सगळ्यासकट बेरजेवर १८ टक्के आयजीएसटी लावला, तर आकडा येतो ४,७९२. इथे वीस अधिक दोन अधिक अठरा म्हणजे चाळीस टक्के, असा हिशोब करून अर्ज करणारे तोंडघशी पडतात. आयजीएसटी आधीच्या शुल्कांवरही लागतो, म्हणून प्रत्यक्ष बोजा ४३.९६ टक्के असतो. दर अर्थसंकल्पागणिक बदलत असतात, म्हणून बिल ऑफ एंट्रीच्या तारखेला लागू असलेलाच दर घ्या, मित्राच्या गेल्या वर्षीच्या पार्सलचा नको. विनिमय दराचंही तेच. तुमच्या क्रेडिट कार्डावरचा दर कस्टम्सला चालत नाही, अधिसूचित दरच चालतो.

"फ्री शिपिंग"चा सापळा वेगळा. इनव्हॉइसवर शिपिंग शून्य दिसलं की वाहतूक खर्च "अज्ञात" समजून किमतीवर वर २० टक्के चढवले जातात. किमतीतच वाहतूक धरलेली असेल तर विक्रेत्याला इनव्हॉइसवर तसं स्पष्ट लिहायला सांगा. एका ओळीने फरक पडतो.

एचएस कोडकडे दुर्लक्ष

आकडा दुप्पट होण्याचं कारण बहुतेक वेळा इथे सापडतं. संगणकाचा कीबोर्ड किंवा माऊस ८४७१ ६० खाली येतो, त्यावर मूळ सीमाशुल्क शून्य आहे. छापील पुस्तकं ४९०१ खाली येतात. त्यांवर आयजीएसटी नाही, आणि २०१९ च्या अर्थसंकल्पाने ५ टक्के मूळ सीमाशुल्क लावलं. पण व्यक्तीच्या नावावर आलेली पार्सलं पुष्कळदा ९८०४ या सरसकट शीर्षाखाली भरली जातात. वैयक्तिक वापरासाठी टपालाने किंवा विमानाने आलेल्या शुल्कपात्र वस्तू, असं ते शीर्ष आहे. एकच वस्तू एकाची ८४७१ खाली सुटते आणि दुसऱ्याची ९८०४ खाली, त्यामागचं कारण हेच.

"माझी वस्तू कीबोर्ड आहे, मग कीबोर्डचाच कोड लावा" एवढा युक्तिवाद इथे पुरत नाही. सीमाशुल्क दरपत्रकात ९८०४ ज्यात येतं त्या प्रकरण ९८ ची पहिलीच टीप सांगते की त्या प्रकरणाच्या अटी पूर्ण होत असतील तर इतरत्र नेमकं शीर्ष असलं तरी हे प्रकरण लागू होतं. अधिकारी तीच टीप पुढे करतो. म्हणून कोडची लढाई बिल ऑफ एंट्री दाखल होण्याआधीच लढायची. केवायसीसाठी कुरिअरचा ईमेल येतो तेव्हाच कळवा: वस्तू काय आहे, कुठल्या कोडखाली दाखल करावी, आणि दाखल करण्यापूर्वी मसुदा मला दाखवावा. आधारची प्रत जोडून "ओके" पाठवणारे बहुतेक जण याच क्षणी संधी घालवतात. विक्रेत्यालाही इनव्हॉइसवर आठ अंकी कोड आणि नेमकं वर्णन लिहायला सांगा. "ॲक्सेसरीज", "गिफ्ट सेट", "पार्ट्स" असले शब्द म्हणजे ज्याला जो कोड सुचेल तो लावायचं आमंत्रण.

गिफ्ट म्हणून मागवणं, किंमत कमी दाखवणं

पाच हजारांपर्यंतच्या भेटवस्तू ड्युटी-फ्री, ही माहिती अजूनही फिरत असते. ती सवलत डिसेंबर २०१९ मध्ये बंद झाली. भेट म्हणून सवलत फक्त राखी आणि जीवरक्षक औषधांनाच उरली. राखीसोबत पाठवलेल्या मिठाई-कपड्यांना ती लागू नाही, आणि राखीचीही सवलत एकूण ड्युटी शंभर रुपयांच्या आत असेल तरच. बाकी भेट खुशाल पाठवा, ड्युटी भरायची. वॉरंटीत फुकट बदलून आलेल्या वस्तूचीही किंमत धरली जाते, "फ्री ऑफ कॉस्ट" लिहिलं म्हणून ती शून्य होत नाही.

विक्रेत्याने "तुमच्या सोयीसाठी" १०० डॉलरच्या जागी २० लिहिले तर दाद मागायचा रस्ताच बंद होतो. सीमाशुल्क कायद्याच्या कलम १११ खाली माल जप्त होऊ शकतो आणि कलम ११२ खाली दंड होऊ शकतो. शिवाय पार्सल हरवलं तर भरपाईही २० डॉलरच्याच हिशोबाने मिळते.

उलट बाजूही आहे. खरोखर सवलतीत घेतलेल्या किंवा वापरलेल्या वस्तूची किंमत अधिकाऱ्याने वाढवली, तर त्याच मूल्यनिर्धारण नियमांतला नियम १२ वाचा. जाहीर किमतीवर शंका असेल तर अधिकारी पुरावा मागू शकतो, पण तुम्ही मागितल्यावर शंकेची कारणं लेखी देणं आणि बाजू मांडायची संधी देणं त्याला बंधनकारक आहे. पुरावा म्हणून संकेतस्थळाचा नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. ऑर्डरची पुष्टी, अंतिम रक्कम दाखवणारं इनव्हॉइस आणि तीच रक्कम दिसणारं कार्ड किंवा बँक स्टेटमेंट, ही तिन्ही एकत्र द्या. तिन्हीत रक्कम जुळली तर अधिकाऱ्याला नाही म्हणणं जड जातं.

दारातून पार्सल परत पाठवणं

दारात येईपर्यंत ड्युटी बहुतेक वेळा भरून झालेली असते. कुरिअरने ती आपल्या खिशातून भरलेली असते आणि तुम्ही पार्सल नाकारलं तरी तो तुमच्याकडे किंवा विक्रेत्याकडे वसुली लावतो. वस्तू नकोच असेल तर कलम २३ खाली तिच्यावरचा हक्क सोडता येतो आणि मग ड्युटी लागत नाही, पण हे देशात वापरण्यासाठी माल सोडण्याचा आदेश निघण्याआधी. नंतर नाही. वस्तू सदोष निघाली तर कलम २६ए आहे: आदेशापासून ३० दिवसांत ती परत निर्यात करा, सोडून द्या किंवा कस्टम्सच्या देखरेखीत नष्ट करा, आणि परताव्याचा अर्ज सहा महिन्यांत करा.

वस्तू हवी आहे, फक्त आकडा मान्य नाही, अशा वेळी पैसे भरण्यापूर्वी "ही रक्कम निषेध नोंदवून भरत आहे" असं कारणासह लेखी कळवा. ईमेल कुरिअरला आणि प्रत संबंधित सहायक किंवा उपायुक्त, कस्टम्स यांना. मुंबईत बहुतेक कुरिअर माल सहारच्या इंटरनॅशनल कुरिअर टर्मिनलवर सुटतो, टपालाने आलेला बॅलार्ड पिअरच्या फॉरेन पोस्ट ऑफिसमधून. निषेधासह भरलेल्या ड्युटीला परताव्याची एक वर्षाची मुदत लागू होत नाही.

थेट रिफंडचा अर्ज ठोकणं

कलम २७ खाली परतावा मागता येतो हे वाचून लोक फॉर्म भरतात आणि काही महिन्यांनी अर्ज फेटाळल्याचं पत्र येतं. १८ सप्टेंबर २०१९ रोजी आयटीसीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की मूळ असेसमेंट (ड्युटीची आकारणी) कायम असताना परतावा मिळत नाही. आधी असेसमेंट बदलून घ्यायचं, मग पैसे मागायचे. क्रम उलटा केलात की वर्ष वाया गेलं समजा.

असेसमेंट बदलायचे मुख्य मार्ग तीन. अधिकाऱ्याने किंमत किंवा कोड बदलला असेल तर तुम्हाला ते मान्य नाही हे लेखी कळवून कलम १७(५) खाली सकारण आदेश मागा. पुनर्निर्धारणापासून १५ दिवसांत तो द्यावा लागतो. तुमच्या वतीने कुरिअरने आधीच लेखी मान्यता दिलेली असेल तर ही संधी गेली, म्हणून अधिकारपत्रावर सही करताना "मूल्य अगर वर्गीकरण बदलल्यास माझ्या लेखी संमतीशिवाय मान्यता देऊ नये" एवढं लिहा. दुसरा मार्ग साध्या चुकांसाठी आहे. कुरिअरच्या माणसाने डॉलरच्या जागी पौंड टाकला, नग दोन लिहिले, शिपिंग दोनदा धरलं, तर कलम १४९ खाली दुरुस्ती किंवा कलम १५४ खाली लेखनदोषाची सुधारणा मागा. मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ साली डायमेन्शन डेटाच्या प्रकरणात हा मार्ग मान्य केला आहे. अट अशी की १४९ साठीचा कागद माल सुटायच्या वेळी अस्तित्वात असलेला हवा. नंतर विक्रेत्याकडून करून घेतलेलं "सुधारित" इनव्हॉइस चालत नाही.

तिसरा मार्ग अपिलाचा: सीए-१ नमुन्यात, आयुक्त (अपील) यांच्याकडे, आदेश मिळाल्यापासून ६० दिवसांत. सबळ कारण असेल तर आणखी ३० दिवस मिळतात, त्यापुढे एकही दिवस नाही. वादग्रस्त ड्युटीच्या साडेसात टक्के आधी भराव्या लागतात, पण तुम्ही सगळी ड्युटी भरलेलीच असते, त्यामुळे वेगळं काही भरावं लागत नाही. सीपीग्राम्सवर (केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर) तक्रार जरूर करा, उत्तर येतं. मात्र ती तक्रार चालू आहे म्हणून हे ६० दिवस थांबत नाहीत, आणि पुष्कळ जण नेमके याच भ्रमात अपिलाची मुदत घालवतात.

परताव्याच्या टप्प्यावर व्यापाऱ्याला ड्युटीचा बोजा गिऱ्हाइकावर टाकला नाही हे सिद्ध करावं लागतं. वैयक्तिक वापरासाठी मागवणाऱ्या व्यक्तीला कलम २७(२) त्यातून सूट देतं. कारकून तो दाखला मागत असेल तर कलम दाखवा. रक्कम शंभर रुपयांपेक्षा कमी असेल तर परतावा मिळत नाही.

कुरिअरच्या शुल्काबद्दल चुकीचं दार ठोठावणं

त्या ८२६ रुपयांचं काय? कंपनीचा जाहीर दरतक्ता काढा आणि बिलाशी ताडा. तक्त्यात नसलेलं शुल्क, किंवा विक्रेत्याने "ड्युटी पेड" म्हणून आधीच वसूल केलेली रक्कम पुन्हा मागितली असेल, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर. तिथे सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं. दुकानाने आगाऊ घेतलेली इम्पोर्ट फी प्रत्यक्ष ड्युटीपेक्षा जास्त निघाली तर फरक दुकानाकडे मागायचा, आणि तेव्हाही हातात तीच बिल ऑफ एंट्री लागते.

आणि "कस्टम्स अधिकारी बोलतोय, यूपीआयवर पाठवा" असा फोन आला तर तो वाद घालायचा विषयच नाही. कस्टम्स कोणाच्या वैयक्तिक खात्यात ड्युटी घेत नाही. नोटीस पाठवली असेल तर तिच्यावरचा डीआयएन (दस्तऐवज ओळख) क्रमांक सीबीआयसीच्या, म्हणजे केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या, संकेतस्थळावर तपासा, आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणूक हेल्पलाइनवर फोन करा.