फिल्मवरचा दुतोंड्या मारुती
ड्राफ्ट्समनची नोकरी संपली, पण ड्राफ्टिंग फिल्मचा (नकाशे काढायच्या अर्धपारदर्शक शीटचा) अर्धा रोल घरी उरला. त्यावर आता नाशिकच्या रामकुंडाजवळचा, गोदावरीच्या पात्रातला दुतोंड्या मारुती काढतोय, पुरासकट.

ही फिल्म पॉलिएस्टरची. पाणी पीत नाही, हाताचा तेलकटपणा मात्र लगेच दाखवते. तळहाताखाली कागद ठेवाच. फिल्मखालीही पांढराशुभ्र कागद हवा, नाहीतर रंग मेलेले दिसतात.

बाह्यरेषा एचबी किंवा २एचने काढा. ६बी इथे नुसती फरफटते. फिल्मचा खरबरीत मॅट थर शिसं खातो, म्हणून शार्पनर मांडीवरच असू द्या. रंगीत पेन्सिलीचे दोन-तीन हात बसतात, मग टोक मेणावरून घसरायला लागतं.

खरी गंमत मागच्या बाजूला. फिल्म दोन्हीकडून मॅट असेल तर ती उलटून शेंदरी रंग मागून भरा. पुढून तो धुक्यातून आल्यासारखा मऊ दिसतो. शिसाचं काम पुढेच ठेवा, म्हणजे शेंदूर काळवंडत नाही. (माझा पहिला मारुती थेट कोळशाच्या वखारीतून आलेला वाटायचा.)

आणि गोदेचा पूर? तो खोडून काढायचा. निळ्या-राखाडी थरातून प्लॅस्टिक खोडरबराची धार ओढली, की लाटेची पांढरी कड लख्ख निघते.