घरासाठी पिकअप घ्यावी की एसयूव्ही?

टोयोटाची हायलक्स पिकअप बघून मन जातंच, पण आधी विचार करा की उघडा हौदा तुम्हाला खरंच कितीदा लागणारे. आंब्याच्या पेट्या, खताच्या गोण्या असं दर आठवड्याला न्यायचं असेल तरच पिकअप, नाहीतर सरळ एसयूव्ही घ्या. हायलक्स आणि टोयोटाचीच एसयूव्ही फॉर्च्युनर, दोघींचं 2.8 लिटर डिझेल इंजिन एकच, खरा फरक मागे आहे, हायलक्सला वजन पेलणारे कडक पाटे (लीफ स्प्रिंग) आणि फॉर्च्युनरला कॉइल स्प्रिंग, त्यामुळे हायलक्सचा हौदा रिकामा असला की खड्ड्यात मागचा माणूस चांगलाच उडतो, म्हणून टेस्ट ड्राइव्हला आई-बाबांना मागे बसवा आणि शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर नाही तर आपल्या नेहमीच्या खराब रस्त्यावर न्या, चढताना-उतरताना त्यांना गुडघ्याचा त्रास होतो का तेपण बघा. हायलक्स 5.3 मीटर लांब आहे, सोसायटीचं पार्किंग टेप लावून मोजाच. पावसाळ्यात कोकणात निघालात तर बॅगा भिजणार, हौद्याला पक्कं झाकण लागतंच, तो खर्च आधीच धरा. महिंद्राची बोलेरो कॅम्पर पिकअप बघत असाल तर पासिंग कमर्शियल होणार का ते बुकिंगआधी विचारा, टॅक्स-इन्शुरन्स सगळं त्यावर बदलतं. आणि घरात सात जण असतील तर विषयच संपला, या डबल कॅब (सीटच्या दोन रांगांच्या) पिकअप पाचच सीटच्या.