ट्रेलर घेताय? आधी घरच्यांना घेऊन काट्यावर जा

आमचा पहिला कॅम्पिंग ट्रेलर, म्हणजे गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर, आम्ही एका हंगामातच विकला. आठ जणांची झोपायची सोय, मोठी खिडकी, टेकून बसायला लांबलचक सोफा. बघायला गेलो तेव्हा आम्ही आत पाय ठेवेपर्यंत मुलांनी बंक वाटूनही घेतले होते. विक्रेत्याला मी एकच प्रश्न विचारला, "आमची गाडी हा ट्रेलर ओढेल ना?" तो म्हणाला, "आरामात!" गाडीची ओढायची क्षमता २७०० किलो आणि ट्रेलर पूर्ण भरल्यावर जास्तीत जास्त २६००. मला वाटलं, शंभर किलो शिल्लक आहेत, आणखी काय पाहिजे?

तो हिशेबच चुकीचा होता. तो कुठे चुकला ते आधी सांगते, कारण बाकीच्या चुका गादी बदलून, कपाट हलवून निस्तरता येतात. ही नाही निस्तरता येत.

ट्रेलर गाडीच्या मागून नुसता येत नाही, गाडीवर बसतोही. त्याच्या पुढच्या दांडीचं ओझं हिचच्या (गाडीला मागे ट्रेलर अडकवायच्या जोडणीच्या) गोळ्यावर, म्हणजे आपल्या गाडीच्या मागच्या चाकांवर पडतं. हे ओझं भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावं लागतं. (युरोपातल्या कॅराव्हॅनमध्ये ते कमी ठेवतात. तिथे त्या त्या गाडीवर आणि कॅराव्हॅनवर लिहिलेला आकडाच धरायचा.) कमी चालणार नाही का? नाही. ज्यांनी बैलगाडी भरताना पाहिली आहे त्यांना हे समजवावं लागत नाही. मागे ओझं जास्त झालं की गाडी उलाळते, जू वर उचललं जातं. पुढे जास्त झालं की बैलाच्या मानेवर येतं. ट्रेलर उलाळ झाला तर नुसता मागे कलत नाही, वेगात शेपटीसारखा हलायला लागतो. एकदा झोके सुरू झाले की प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होत जातो.

आता आमचा ट्रेलर घ्या. २६०० किलोचे १२ टक्के म्हणजे ३१२ किलो. आणि आमच्या गाडीत जागा किती उरली होती? २४० किलो. ओढायची क्षमता भरपूर होती, पाठीवर घ्यायची नव्हती. कुटुंब घेऊन निघणाऱ्या बहुतेकांचं घोडं इथेच अडतं, कारण माणसंही त्याच पाठीवर बसलेली असतात.

म्हणून ट्रेलर बघायला जायच्या आधी हे करा. टाकी फुल्ल भरा. घरातल्या सगळ्यांना गाडीत बसवा. सासूबाईंना, कुत्र्याला, सहलीला डिकीत जे जाणार ते सगळं. हिच लावलेली असू द्या. मग वजनकाट्यावर गाडी उभी करा. आमचा काटा २८१० किलो दाखवत होता. चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा गाडीच्या कागदपत्रांत गाडीचं कमाल एकूण वजन लिहिलेलं असतं, आमचं ३०५०. वजाबाकी केली की २४० किलो उरतात. ते १२ टक्के धरले तर भरलेला ट्रेलर २००० किलोच्या वर नको. हा एक आकडा चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवा. शिवाय मागच्या आसाची मर्यादा, हिचची स्वतःची मर्यादा आणि गाडी-ट्रेलर मिळून कमाल वजन हेही बघायचं असतं. यातला जो आकडा सगळ्यात आधी भरतो तोच खरा.

तेरा वर्षांच्या मुलाला तिथे किती लाज वाटत होती ते विचारू नका. पण तो तासभर माझ्या दृष्टीने अख्ख्या खरेदीतला सगळ्यात कामाचा तास.

कोणी म्हणेल, वजन विभागणारी हिच घ्या की. घ्याच, आमच्याकडेही आहे. ती मागच्या चाकांवरचं थोडं ओझं पुढच्या चाकांवर आणि ट्रेलरच्या आसावर सारते, त्यामुळे स्टिअरिंग हलकं पडत नाही. पण तिने गाडीची मर्यादा वाढत नाही. हे मला दुसऱ्या ट्रेलरच्या वेळी कळलं.

ट्रेलरच्या माहितीपत्रकात 'रिकामं वजन' ठळक छापलेलं असतं. त्याकडे बघूच नका. त्यात बहुधा पाणी नसतं, बॅटरी नसते, कधी कधी नंतर बसवलेला एसीही नसतो. पाणी लिटरला किलो: १५० लिटरची टाकी भरली की १५० किलो झाले. गॅसच्या भरलेल्या दोन बाटल्या साधारण ३५ किलो. मग भांडी, पांघरुणं, खुर्च्या, पाण्याचे पाइप, मुलीचे 'फक्त थोडेसे' दगड. आमचं भरताना सहज ४०० किलो होतं. हिशेब नेहमी ट्रेलरच्या कमाल वजनावर करा. आणि कमाल वजन आणि रिकामं वजन यांत निदान ४००-५०० किलोचा फरक आहे ना, तेही बघा. काही दिसायला मोठे ट्रेलर आतून इतके भारी बनवलेले असतात की त्यात माणसाने कपडे न्यायचे की पाणी, असा प्रश्न पडतो.

पहिल्या ट्रेलरचं पुढे काय झालं ते थोडक्यात. उताराचा रस्ता, बाजूने मोठा ट्रक भरधाव गेला आणि मागून कोणी तरी हिसका दिल्यासारखं झालं. मग दुसऱ्या बाजूने. मी गाडीचा ब्रेक दाबला, जो अशा वेळी दाबायचा नसतो. स्टिअरिंग सरळ धरून अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा आणि ट्रेलरचे ब्रेक हाताने चालवता येत असतील तर तेवढेच लावायचे. आम्ही वाचलो ते रस्ता पुढे सपाट झाला म्हणून. मागच्या सीटवर बराच वेळ कोणी बोललं नाही. घरी आल्यावर मी ट्रेलरची जाहिरात लिहायला घेतली.

वजन ठरलं की मग आतली रचना. इथे बहुतेक लोक विचारतात, "किती जण झोपतात?" हा प्रश्न मला आता फसवा वाटतो. आठ जण झोपतात म्हणजे जेवायचं टेबल मोडून दोन, सोफा उलगडून दोन. रोज रात्री मोडायचं, रोज सकाळी जोडायचं, आणि लवकर झोपणाऱ्या माणसाने बाकीच्यांचे पत्ते संपायची वाट बघायची. माझा प्रश्न वेगळा आहे: दुपारी तीनला धो धो पाऊस लागला, संध्याकाळपर्यंत थांबणार नाही, तर आम्ही पाचही जण कुठे बसणार?

हे कागदावर कळत नाही. सगळ्यांना घेऊन आत जा, दार लावा आणि अर्धा तास बसा. विक्रेता अस्वस्थ होईल, होऊ दे. एकाने स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभं राहायचं, एकाने बाथरूमला जायचं, मुलांनी वाचत पडायचं. आम्ही असं सहा ट्रेलरमध्ये केलं. चारांत दहा मिनिटांत भांडण झालं. एकात फ्रिज उघडला की रस्ताच बंद. ज्यात भांडण झालं नाही तो आमचा.

बाथरूममध्ये नुसतं डोकावू नका, दार लावून कमोडवर बसा. गुडघे दाराला टेकतात का, उठताना डोकं आपटतं का. मग रात्रीची रंगीत तालीम: दोनला उठणारा माणूस कोणाच्या अंगावरून न जाता बाथरूमपर्यंत पोचतो का? कोपऱ्यात भिंतीला चिकटवलेला पलंग दिसायला ऐसपैस, पण आतल्या बाजूचा रोज बाहेरच्याच्या पोटावरून उतरतो. सासूबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून आम्ही दाराच्या पायऱ्याही मोजल्या. तीन पायऱ्या आणि धरायला मजबूत दांडा असेल तर त्या एकट्या चढतात. दुमडणाऱ्या डुगडुगत्या पायऱ्या बघितल्या की त्या आपणहून बाहेर खुर्ची टाकून बसायच्या. तो ट्रेलर आपोआप बाद.

बंकची लांबी टेपने मोजा आणि मुलाच्या आजच्या उंचीला नाही, तीन वर्षांनंतरच्या उंचीला लावा. वरच्या बंकवर किती किलो चालतं हे पाटीवर लिहिलेलं असतं, तेही वाचा. मुलं वाढतात, फळी वाढत नाही.

भिंत बाहेर सरकणारा भाग, म्हणजे स्लाइडआउट, हवा की नको? पावसाच्या दुपारी त्याने खरंच जीव वाचतो. पण तो वजन वाढवतो, त्यात मोटर आणि रबर असतं आणि पाणी शिरायची आणखी एक जागा तयार होते. पाच जणांसाठी एक असावा, दोन नकोत, असं माझं मत. घेणार असाल तर तो बंद करून आत शिरून बघा. बंद असताना फ्रिजपर्यंत आणि बाथरूमपर्यंत जाता आलं पाहिजे, नाहीतर वाटेत थांबाल तेव्हा स्वतःच्याच ट्रेलरबाहेर उभे राहाल.

पाण्याच्या टाक्या सहसा तीन: स्वच्छ पाण्याची, बेसिन-अंघोळीच्या सांडपाण्याची आणि संडासाची. सगळे तिसरीची धास्ती घेतात, भरते मात्र दुसरी आधी. मिनिटाला सहा लिटरचा शॉवर तीन मिनिटं म्हणजे १८ लिटर. पाच जणांचे ९० झाले, भांडी घासायची राहिलीच. ११० लिटरची टाकी एका दिवसात तुडुंब. नळ आणि गटाराची जोडणी असलेल्या ठिकाणीच उतरणार असाल तर याचा फारसा विचार नको. रानात तीन-चार दिवस राहायचं असेल तर सोफ्याच्या रंगाआधी हे बघा. विजेचंही तसंच: गॅसवर चालणारा जुन्या पद्धतीचा फ्रिज बॅटरी फार खात नाही, पण ट्रेलर समपातळीत उभा असावा लागतो; १२ व्होल्टच्या कॉम्प्रेसर फ्रिजला पातळीचं वावडं नाही, पण बॅटरी दमदार लागते.

दुसरा ट्रेलर आम्ही जुना घेतला. जुन्याचा शत्रू एकच, ओल. सामान काढलेली कपाटं उघडा आणि आधी वास घ्या. उग्र सुगंधी फवारा मारलेला असेल तर माझा संशय दुप्पट होतो. गाद्या उचला, खिडक्यांखालच्या आणि छताच्या कोपऱ्यांवर अंगठ्याने दाबत जा. लाकूड मऊ लागलं, जमीन पायाखाली दबली की परत फिरा, किंमत कितीही पाडली तरी. बाहेरची भिंत फायबरग्लासची असेल तर टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा धरा. फुगवटे असतील तर त्यांच्या सावल्या पडतात. म्हणजे आतला थर सुटलाय. छतावर शिडी लावून चढायची परवानगी मागा, सांध्यांवरचं सीलंट तडकलंय का बघा. परवानगी नाकारली तर तेही एक उत्तरच आहे.

टायरच्या बाजूला कोडच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. ट्रेलर वर्षातले बरेच महिने एका जागी उभा असतो, त्यामुळे टायर झिजत नाहीत, वाळतात. नक्षी नवीकोरी दिसली तरी सहा वर्षांच्या पुढचे मी बदलतेच, आणि तो खर्च भाव करतानाच मांडते.

एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून त्याचा अलार्म जमिनीलगत असतो. तो आणि कार्बन मोनॉक्साइडचा, दोन्हींच्या पाठीमागे मुदत छापलेली असते, ती वाचा. आणीबाणीची खिडकी प्रत्यक्ष उघडून बघा. मुलांना उघडता आली पाहिजे. आमच्या मुलीने पहिल्याच झटक्यात उघडली आणि सराव म्हणून दोनदा बाहेरही उडी मारली.

ट्रेलर घेतल्यावर तो भरून पुन्हा काट्यावर गेलो. भरलेला ट्रेलर १९३० किलो, दांडीवर २३० किलो. ते आकडे कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवलेत. कोणी "हे पण घेऊ या ना" म्हटलं की मी नुसतं ते दार उघडते.

आणि घरी ठेवायची जागा मोजा. आम्ही फाटकाची रुंदी मोजली, लांबी मोजली, वळायला किती लागेल तेही पायांनी मोजलं. उंची मोजली नाही. पहिल्या दिवशी रिव्हर्स घेताना छतावरचा एसी झाडाच्या फांदीला लागला. फांदी तुटली, एसीचं झाकण तडकलं, आणि अंगणातून सासूबाई म्हणाल्या, "आता झाडालाही काट्यावर न्यायचं का?"