मोटरच्या अँटेनाची दांडी तुटली तर

रेडिओ लावला की सरसर वर येणारी आणि बंद केला की आत जाणारी अँटेना नव्वदच्या दशकात बऱ्याच गाड्यांवर मिळायची. मर्सिडीज डब्ल्यू १२४, होंडा अकॉर्ड, माझदा मियाटा ही काही उदाहरणं. ती बिघडली की गॅरेजवाला बहुधा अख्खं युनिट बदलायला सांगतो. पण मोटर चांगली असेल तर नुसती दांडी बदलून भागतं. दांडी आणि तिच्या बुडाला जोडलेली नायलॉनची दातेरी दोरी मिळून एकच सुटा भाग असतो आणि तो वरून, मडगार्ड न उघडता काढता येतो.

आधी कान लावा. इंजिन बंद, किल्ली ॲक्सेसरीवर. एकाने आत बसून रेडिओ चालू-बंद करायचा, दुसऱ्याने अँटेनाजवळ उभं राहायचं. मोटर घरघरते पण दांडी हलत नाही, म्हणजे दोरी तुटली आहे किंवा तिचे दाते झिजलेत. दांडी थोडी वर येऊन अडते आणि आतून कटकट ऐकू येते, म्हणजे दांडी वाकली आहे आणि आतला क्लच घसरतोय. ही कटकट दिवसेंदिवस चालू दिली तर सरळ करता आली असती त्या दांडीपायी दोरीही जाते. आवाजच नसेल तर दांडी विकत घेऊ नका. आधी फ्यूज पाहा, मग मोटरच्या तीन वायरी टेस्ट लॅम्पने तपासा: एकीत कायम १२ व्होल्ट, एकीत रेडिओ लावल्यावरच १२ व्होल्ट (ही सिग्नलची वायर), तिसरी अर्थिंग. कायमच्या वायरीत करंट नसेल तर मोटरला दांडी खाली ओढायला ताकद कुठून मिळणार?

नवी दांडी घेताना गाडीचं मॉडेल आणि साल सांगा, आणि जुनी सोबत न्या. पूर्ण उघडल्यावरची लांबी, दोरीची लांबी आणि जाडी, दात्यांमधलं अंतर, बुडाच्या पितळी भागाचा व्यास, एवढं जुळलं पाहिजे. ‘सगळ्या गाड्यांना चालते’ म्हणून मिळणारी दांडी बहुतेकदा दात्यांवरच फसते. लांबी कमी चालेल असंही समजू नका. एफएमच्या पट्ट्यात, १०० मेगाहर्ट्झच्या आसपास, तरंगलांबी ३ मीटर असते आणि तिचा चतुर्थांश होतो ७५ सेंटिमीटर. दांडी अर्धीच उघडत असेल तर शहराबाहेर पडताच खरखर सुरू होते ती यामुळेच.

आता काम. दांडी जिथून बाहेर येते तिथल्या नटाभोवतीच्या रंगावर मास्किंग टेपचे दोन थर लावा, कारण पक्कड घसरली की ओरखडा हमखास पडतो. वरच्या नटाला दोन खाचा असतात. त्यासाठी वेगळा पाना मिळतो, नाहीतर सर्क्लिप प्लायरची, म्हणजे बारीक टोकांच्या पकडीची, टोकं त्या खाचांत बसतात. गंजलेला नट असेल तर गंज सोडवणारा डब्ल्यूडी-४० स्प्रे मारून पंधरा मिनिटं थांबा. नटाखालचं प्लास्टिकचं बुश कोणत्या बाजूने वर होतं ते पाहून ठेवा.

नट निघाला की आतल्या माणसाला रेडिओ लावायला सांगा. मोटर दांडी वर ढकलेल. ती हाताने धरून सरळ वर घ्या, मागून दोरी निघेल. इथे थांबून एक गोष्ट नक्की पाहा: दात्यांचं तोंड कोणत्या दिशेला होतं. नवी दोरी त्याच दिशेने जायची आहे. मग निघालेली दोरी नव्या दोरीशेजारी ठेवा. लांबी जुळली तर काम सोपं. कमी भरली तर उरलेला तुकडा दोरी गुंडाळणाऱ्या आतल्या चकतीत अडकलेला आहे, आणि तो काढल्याशिवाय नवी दोरी आत जाणार नाही. जुन्या दांडीच्या बुडाची पितळी बाही कधीकधी नळीतच राहते, तीही नोज प्लायरने काढा.

नवी दांडी पूर्ण उघडी ठेवून दोरी नळीत सोडा. गिअरला टेकली की हाताला अडकल्यासारखं लागतं. आता रेडिओ बंद करायला सांगा. मोटर उलटी फिरू लागताच दोरी हलकेच खाली दाबा, जोर लावू नका. दाते पकडले गेले की दोरी आपोआप ओढली जाते. तुम्ही फक्त दांडी उभी धरायची. पकड बसली नाही तर मोटर काही सेकंदांत थांबेल. दोरी थोडी फिरवा, रेडिओ लावून पुन्हा बंद करा, परत प्रयत्न करा. बुडाची पितळी बाही नळीत नीट बसवा, रेडिओचा सिग्नल तिच्यातूनच जातो. बुश ठेवून नट आवळा. पहिल्या वेळी दांडी बोटभर बाहेर राहिली तर घाबरू नका, दोन-तीनदा वरखाली केल्यावर ती जागेवर बसते.

तुकडा आत अडकला असेल तर युनिट काढावंच लागतं. बॅटरीची निगेटिव्ह सोडा, अँटेना मागच्या मडगार्डवर असेल तर डिकीचं आतलं आवरण उघडा, वायरींचा सॉकेट आणि रेडिओची केबल सोडवा. झाकणाचे स्क्रू काढून चकतीतला तुकडा आणि काळं पडलेलं ग्रीस साफ करा. गिअरना किंचित पांढरं लिथियम ग्रीस पुरे. दोरीला ग्रीस अजिबात नको, तिला धूळ चिकटते. ज्या पत्र्याला युनिटचा ब्रॅकेट टेकतो तिथला गंज घासून टाका, अर्थिंग कच्चं असेल तर रिसेप्शनही कच्चंच राहतं.

युनिट बाहेर आलंच आहे तर खालची रबरी नळी पाहिल्याशिवाय ते परत बसवू नका. दांडीबरोबर आत शिरलेलं पाणी या नळीतून गाडीखाली जातं. ती चिखलाने तुंबली किंवा बसवताना लोंबकळत राहिली की पावसाळ्यात पाणी मोटरमध्ये साचतं, नाहीतर डिकीत उतरतं. कोकणातल्या गाडीत जळालेली मोटर दिसली तर पहिला संशय या नळीवर घ्या. तारेने साफ करा, वरून वाटीभर पाणी ओतून ते खाली टपकतं का बघा.

मोटरच गेली असेल तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या नाना पेठेत शोधा. जुनं युनिट १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवून बघूनच पैसे द्या: कायमची वायर आणि अर्थिंग जोडा, सिग्नलची वायर पॉझिटिव्हला टेकवली की दांडी वर, सोडली की खाली.

नवा स्टिरिओ बसवला असेल तर निळी वायर अँटेनाची आणि निळी-पांढरी ॲम्प्लिफायरची, असा बहुतेक सेटांचा रिवाज आहे. निळी-पांढरीला जोडलं तर नुसती गाणी ऐकतानाही दांडी वरच राहते आणि झाडाच्या फांदीला भिडते. काही जुन्या मोटरी सिग्नलच्याच वायरीतून पूर्ण करंट ओढतात. तिथे मध्ये रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) घाला, नाहीतर सेटचं आउटपुट जळेल. याच वायरीत छोटा स्विच टाकला तर गाडी धुवायला देताना रेडिओ चालू असला तरी दांडी खाली ठेवता येते.

दर महिन्याला दांडी पूर्ण वर घेऊन कोरड्या फडक्याने पुसा, सिलिकॉन स्प्रेचा हलका हात द्या आणि जास्तीचा पुसून टाका.