जुनी लक्झरी सेडान कोकणात आणताना काय तपासावं, किती पैसे बाजूला ठेवावेत

नवी असताना 40 लाखांना गेलेली बीएमडब्ल्यू थ्री सिरीज, मर्सिडीज सी क्लास किंवा ऑडी ए-4 दहा वर्षांनी नव्या हॅचबॅकच्या भावात मिळते. गाडीचा भाव पडतो, पण तिचे इंजेक्टर, गिअरबॉक्स आणि हेडलाइट मात्र 40 लाखांच्या गाडीच्याच भावाने घ्यावे लागतात. कोकणात त्यात खारा वारा, चार महिन्यांचा पाऊस आणि वर्कशॉपचं अंतर यांची भर पडते. म्हणून गाडी कोणती, याच्याआधी ती इतकी वर्षं कुठे आणि कशी उभी होती ते शोधा.

कागदपत्रं

आरसीवरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळवा. एमपरिवहन अ‍ॅपवर विमा आणि कर्जाचा बोजा दिसतो. कर्ज फिटलेलं असेल तर बँकेची एनओसी आणि सही केलेला फॉर्म 35 घ्या. नाव बदलायला फॉर्म 29 आणि 30 लागतात. दिल्लीत 10 वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर आलेल्या निर्बंधांमुळे तिकडच्या गाड्या स्वस्तात मिळतात. पण परराज्यातल्या गाडीला फॉर्म 28 ची एनओसी लागते आणि महाराष्ट्राचा कर वेगळा भरावा लागतो, तो किमतीत धरा. मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही.

चासी नंबरावरून अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून जुनी नोंद मागवा आणि रिकॉलची (दोष सापडल्यावर कंपनी गाड्या परत बोलावून करते ती) कामं झालीत का तेही विचारा. बीएमडब्ल्यूने 2018 मध्ये डिझेल गाड्यांच्या ईजीआर कूलरसाठी (इंजिनात परत सोडायचा धूर थंड करणारा भाग) जगभर मोठं रिकॉल काढलं होतं. कूलर गळून आग लागण्याचा धोका होता, त्यामुळे हे काम राहिलेली गाडी घेऊ नये.

पाण्यात गेलेली गाडी

22 जुलै 2021 ला चिपळूण आणि महाडला पूर आला, त्याआधी 2019 ला सांगली-कोल्हापूरला. अशी गाडी वरून धुऊन चकचकीत करता येते, आतून नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून टोकाला गाळाची रेघ आहे का बघा. सीटखालच्या रुळांवर आणि स्क्रूंवर गंज शोधा. पायाखालचा गालिचा उचलून खालच्या फोमवर कागद दाबा, ओला झाला तर तिथेच थांबा. या गाड्यांमध्ये वायरिंगचे जोड आणि काही कंट्रोल मॉड्यूल खालच्या बाजूला, पायाजवळ किंवा डिकीत असतात. एखादा कनेक्टर काढून पिना हिरवट झाल्यात का पाहा. कळंक चढलेली पिन आज चालते आणि पुढच्या पावसाळ्यात बंद पडते.

पूर नसला तरी सनरूफमधून पाणी शिरतं. सनरूफच्या चौकटीला चार कोपऱ्यांत निचऱ्याच्या नळ्या असतात. आंब्या-फणसाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत त्या पाचोळ्याने तुंबतात आणि पाणी छताच्या कापडातून आत उतरतं. सनरूफ उघडून प्रत्येक कोपऱ्यात ग्लासभर पाणी हळू सोडा. ते गाडीखाली पडलं पाहिजे. तुंबलेली नळी ग्रासकटरच्या नायलॉन दोरीने मोकळी करा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, आतला जोड निसटतो आणि मग छत उतरवावं लागतं.

खालची बाजू

गाडी लिफ्टवर घेतल्याशिवाय सौदा करू नका. मागची सबफ्रेम, ब्रेकच्या नळ्या, स्प्रिंगच्या बैठका आणि सायलेंसरचे जोड बघा. वरवरचा तांबूस गंज चालतो, पापुद्रे सुटलेला चालत नाही. नुकताच काळा डांबरी थर मारलेला असेल तर संशय घ्या, कारण गंजावर मारलेला थर ओल आत धरून ठेवतो आणि पत्रा आतून खातो. ब्रेकच्या डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, डिस्क मोजून तिच्याशी ताडून घ्या. टायरवरचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात: 2321 म्हणजे 2021 चा 23 वा आठवडा.

इंजिन आणि गिअरबॉक्स

गाडी बघायला सकाळी जा आणि मालकाला आधी चालू करू नका असं सांगा. बॉनेटला हात लावून इंजिन थंड असल्याची खात्री करा. बीएमडब्ल्यूच्या एन-47 डिझेल इंजिनाच्या 320डी मध्ये टायमिंग चेन इंजिनाच्या मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. मागून खडखड किंवा घासल्यासारखा आवाज आला तर गाडी सोडा. चेन बदलायला गिअरबॉक्स किंवा इंजिन उतरवावं लागतं, मजुरीच भारी पडते. मर्सिडीजच्या सुरुवातीच्या ओएम-651 डिझेलचे पिएझो इंजेक्टर बदनाम होते, ते बदलल्याचं बिल मागा. एअर सस्पेन्शनची गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी चारही कोपऱ्यांची उंची बघा. एक कोपरा बसला असेल तर हवा गळते, आणि ती भरून काढता काढता कॉम्प्रेसरही जळतो.

बिघाड शोधायचा स्कॅनर लावताना फक्त बिघाडांचे कोड वाचून थांबू नका. कोड पुसून किती किलोमीटर झाले तेही बघा. काल पुसले असतील तर कोरा रिपोर्ट निरर्थक आहे. मॉड्यूलमधले किलोमीटर मीटरशी जुळवा.

मग घाट चढा. कशेडीचा जुना रस्ता, आंबोली किंवा कुंभार्ली, एसी चालू ठेवून. कूलंटचं तापमान स्कॅनरवर स्थिर राहिलं पाहिजे. या गाड्यांचे थर्मोस्टॅट आणि पाण्याचे जोड प्लास्टिकचे असतात, जुने झाल्यावर तडकतात. गिअर बदलताना धक्का किंवा उशीर जाणवला तर तेल कधी बदललं ते विचारा. कंपनी 'लाइफटाइम' म्हणते, पण झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी कंपनीच 80,000 ते 1,20,000 किलोमीटरला बदलायला सांगते. झेडएफच्या 8 गिअरच्या बॉक्सला फिल्टर प्लास्टिकच्या तेलतळीतच असतो, पूर्ण तळी बदलावी लागते.

डिझेलचा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) गाव ते बाजारपेठ अशा पाच किलोमीटरच्या फेऱ्यांनी भरतो. काजळी जाळायला हायवेवर सलग 15-20 मिनिटं पळवावी लागते. इंजिन ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर अर्धवट राहिलेल्या या प्रक्रियेतलं डिझेल तेलात उतरलंय. वापर गावापुरताच असेल तर पेट्रोल घ्या, हे आम्ही आग्रहाने सांगू.

पैसे

खरेदीच्या किमान 20 टक्के रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवा. 10 लाखांच्या गाडीला 2 लाख. ते जमत नसेल तर 8 लाखांची गाडी बघा. पहिल्याच महिन्यात सगळी तेलं, फिल्टर, ब्रेक ऑइल आणि बहुधा बॅटरी बदलावी लागते. एन-47 ला सुमारे 5.2 लिटर आणि ओएम-651 ला 6.5 लिटर इंजिन ऑइल लागतं, तेही कंपनीने मान्य केलेलं कमी राखेचं: बीएमडब्ल्यूला एलएल-04, मर्सिडीजला 229.51 किंवा 229.52. साधं तेल डीपीएफ मारतं. तेल बदलायचं कंपनीने सांगितलेलं मोठं अंतर विसरा, 10,000 किलोमीटर किंवा वर्षाने बदला. बीएमडब्ल्यूची बॅटरी बदलल्यावर स्कॅनरने नोंदवावी लागते, नाहीतर जुन्या बॅटरीच्या हिशेबाने चार्ज होत राहते.

विम्यात इंजिन प्रोटेक्शन घ्याच. साचलेल्या पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट करू नका: सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि क्लेम अडकतो.

आणल्यावर

किनाऱ्याजवळ असाल तर पंधरवड्याला खालची बाजू गोड्या पाण्याने धुवा. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर ते वापरू नका. प्लास्टिकचा कागद घालून झाकू नका, ओल कोंडते. गणपतीला आणलेली गाडी शिमग्यापर्यंत पडवीत उभी राहणार असेल तर बॅटरी मेंटेनर लावा आणि बॉनेटमध्ये उंदीर शिरतायत का बघत राहा.

बऱ्याच बीएमडब्ल्यूंमध्ये स्टेपनी नसते. पंक्चर झालेला रनफ्लॅट टायर ताशी 80 च्या आत साधारण 80 किलोमीटर चालतो, म्हणून पंक्चर किट आणि हवेचा छोटा पंप डिकीत ठेवा. गाडी बंद पडली तर दोरीने ओढू देऊ नका, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तेलाअभावी खराब होतो. फ्लॅटबेडच मागवा आणि तुमच्या विम्यातली रोडसाइड सेवा किती किलोमीटरपर्यंत फुकट नेते ते पॉलिसी घेतानाच विचारा. राजापूर किंवा देवगडहून अधिकृत वर्कशॉप गाठायला गोवा, पुणे किंवा नवी मुंबईपर्यंत जावं लागू शकतं, आणि त्या मर्यादेवरच्या प्रत्येक किलोमीटरचे पैसे तुम्हालाच भरावे लागतात.